आत्याच्या पायरीवरचा खिळा

ऐक ना, मधे बोलू नकोस, फक्त ऐक. आपली भिंगरी आठवते ना? बसल्या जागी दोन मिनिटं न टिकणारी? तर ती इंजिनिअर झाली आणि नशिबानं तिला काम काय दिलं, तर जमीन गोठवायचं. म्हणजे काहीही हलू द्यायचं नाही, हाच तिचा पगार.

चौकात खोल खड्डा खणायचा होता, सांडपाण्याच्या पंपासाठी. पण माती कसली, नुसता गाळ. एक फावडं बाहेर काढलं की दोन फावडी आत वाहून येणार. अशा ठिकाणी काय करतात, खड्ड्याच्या कडेनं गोल पाइप उतरवतात आणि त्यातून बर्फाहून गार खारं पाणी फिरवत ठेवतात. खारं असल्यानं ते स्वतः गोठत नाही, आजूबाजूच्या मातीला मात्र गोठवतं. पाइपापाइपाभोवतीचा बर्फ वाढत वाढत एकमेकाला भिडला की झाली गोल भिंत. मग आत बिनधास्त खणा.

आणि त्या भिंतीला अगदी खेटून तिच्या आत्याचं घर. भिंगरी तिथंच राहायची. चहाचा कप हातात घेऊन कामावर पोचायची, म्हणून सगळे जळायचे तिच्यावर. घरात आत्या आणि काका. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, चाकांच्या खुर्चीत असायचे. पुढच्या दाराला पायऱ्या, म्हणून मागच्या दाराला उतार करून घेतलेला. संध्याकाळी त्या दारानं बाहेर पडायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, एवढा एकच उद्योग त्यांना उरला होता.

आणि नेमकं तेच दार अडकायला लागलं.

सुतार आला, तासून गेला. आठवड्यात पुन्हा अडकलं. पुन्हा तासलं. तिसऱ्यांदा सुतार म्हणाला की ताई, आता अजून तासलं तर नुसती कडी उरेल. मग स्वयंपाकघरातली फरशी फुगली. आत्या काही आरडाओरडा करणारी नव्हे. ती फक्त भाजी चिरता चिरता म्हणायची, "तुझ्या बर्फाला म्हणावं, चहाला ये एकदा, सारखा दारातूनच काय परत जातोस."

भिंगरीला सगळं कळत होतं गं, तोच तर वैताग. पाणी गोठलं की थोडं फुगतं, तो हिशोब आधीच धरलेला होता. पण गाळाची माती हावरी असते. थंडी ज्या बाजूला सरकते, त्या बाजूला ती लांबलांबचं पाणी ओढून आणते आणि तिथं बर्फाचे पापुद्रे एकावर एक चढवत जाते. भिंत कधीच पुरेशी जाड झाली होती, तरी पाइप पूर्ण जोरात चालू. मग थंडी जाणार कुठं? निघाली बाहेरच्या बाजूला, सरळ आत्याच्या चुलीकडे. उपाय सोपा होता. घराकडच्या थोड्या पाइपांचे व्हॉल्व्ह अर्धे बंद करायचे, बास.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, नकाशा ज्यानं काढला त्याला विचारा. तो फोनवर म्हणाला, जमिनीच्या पातळीचे आकडे पाठवा. आकडे पाठवले तर साहेबांनी तिलाच बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचेच आकडे सांगतायत जमीन हललेली नाही. केसाएवढा फरक आहे. दार फुगलं असेल हो, लाकूड आहे."

खरंच आकडे तसेच होते. रोज सकाळी दुर्बीण लावून तीच मोजायची. डोळ्यांना फरशी फुगलेली दिसतेय आणि कागदावर सगळं सपाट. ती रडकुंडीला आली होती. रोज पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा काका खिडकीत बसलेले, म्हणाले, "हा कुंपणापलीकडचा पहारेकरी, आधी याच्या फक्त भुवया दिसायच्या. आता मिशी दिसते. तो उंच झाला की मी?"

भिंगरी हसली. आणि हसता हसता एकदम उठून पुढच्या पायरीपाशी गेली.

कारण पातळी कशाशी तरी ताडून बघायची असते ना? त्यासाठी एक खुणेचा खिळा असतो, न हलणाऱ्या जागी, कामापासून चांगला लांब मारायचा. लांब म्हणजे जुन्या पुलापाशी. तिथवर रोज दुर्बिणीचं तिकाटणं खांद्यावर घेऊन कोण जाणार? हिनं तो खिळा मारला आत्याच्या पुढच्या पायरीवर. दगडी पायरी, इतक्या वर्षांची, ती कुठं हलतेय. साहेबांनीही बघून छान म्हटलेलं. आणि आता घर वर चाललेलं, पायरी वर चाललेली, पायरीबरोबर खिळाही वर. सगळे मिळून चढतायत आणि खिळा सांगतोय, कोणी हललं नाही.

आता मला सांग, दुसरं कोणी असतं तर गुपचूप नवीन खिळा मारून मोकळं झालं असतं. ही गेली भर मीटिंगमध्ये आणि बोलली, खिळा मी मारला, चुकीच्या जागी मारला, जमीन उचलली जातेय. तिला वाटलं आता तरी हलतील. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की म्हणजे आतापर्यंतचे सगळे आकडे कचरा, कचऱ्यावर निर्णय कसा घेऊ, पुलापाशी खिळा मारा, नवीन आकडे जमवा, मग बघू. तोवर पाइप पूर्ण जोरात. खरं बोलून बाई आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दिवशी दार उघडेचना. सुतारानं ते चौकटीसकट काढलं, भिंतीला टेकवलं, आणि आत्यानं त्या भोकावर चादर लावली. भोकाच्या वर भिंतीत तिरकी भेग. काकांची खाट त्याच भिंतीला.

भिंगरी तशीच साइटवर गेली. व्हॉल्व्ह फिरवायची चावी तिच्याकडेच असायची. खड्ड्यात खणणाऱ्यांचा मुकादम जेवायला वर आला होता. तिनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की घराकडचे व्हॉल्व्ह मी अर्धे करतेय, भिंत जाड आहे, टिकेल.

तो जेवता जेवता थांबला. "नक्की?"

"बहुतेक."

"ताई, बहुतेक वरच्यांसाठी असतं. आम्ही खाली असतो."

मग माणसं वर काढा ना एक दिवस, ती म्हणाली. तो म्हणाला, साहेबांनी सांगितलं तर आत्ता काढतो. साहेबांना फोन लावला तर साहेबांचं पुन्हा तेच, आकडे आणा. तिनं चावी घातली व्हॉल्व्हला. मुकादम नुसता बघत राहिला. बर्फाची भिंत किती जाड हे तिला मातीत पुरलेले थर्मामीटर सांगत होते, आणि थर्मामीटर खोटे नव्हते. पण पायरीही तर हलत नव्हती ना, तिच्या मते.

तिनं चावी काढून घेतली.

घरी येऊन आत्याला म्हणाली, सामान बांध, काकांना घेऊन काही दिवस दुसरीकडे जाऊ. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तुला खात्री होती ना, ती बर्फाची भिंत टिकेल?"

"होती."

"मग नाही फिरवलंस?"

"नाही."

आत्या काकांचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत राहिली. तेव्हापासून ती भिंगरीशी कामापुरतंच बोलते. भेग रोज जरा पुढे जातेय, साहेब रोज आकडे मागतायत, आणि ही रोज सकाळी तिकाटणं खांद्यावर घेऊन पुलापर्यंत चालत जाते आणि वाटेत मला फोन करून रडते. मी काय सांगू तिला? तू सांग, तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?