कार्डाबाहेरचे उत्तर

परीक्षा विभागातल्या मॉरीनचे पत्र येऊन नऊ दिवस झाले, तरी अर्स्किनने त्याला उत्तर दिले नव्हते. पत्रात विचारले होते एवढेच: 'ऐल्सा गेडीसच्या परीक्षेत तुम्ही कार्डाप्रमाणेच बोललात ना? परीक्षक डॉ. प्रिंगल यांना शंका आहे. वीस तारखेपर्यंत तुमचे पत्र आले नाही, तर निकाल कायम राहील.' निकाल म्हणजे नापास. पोरीचे वर्ष पाण्यात.

आज एकोणीस तारीख होती.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून अर्स्किन वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या परीक्षेपुरता खोटा रुग्ण व्हायचा. त्याच्या कार्डावर लिहिलेले असे: मिस्टर टॉड, छातीत धडधड, झोप नाही, घरी बायको जेन. रोज चोरून व्हिस्की पितो, पण विचारल्याशिवाय सांगायचे नाही. आठ मिनिटांनी घंटा, की पुढचा विद्यार्थी.

त्या दिवशीच्या विद्यार्थ्यांत ऐल्सा बारावी होती. "हे तुमच्यासाठी किती कठीण असेल, मला कळतंय," तिने सुरुवात केली. सकाळपासून अकरा जणांनी हेच वाक्य याच सुरात म्हटले होते. तिचे तिलाच ते ऐकू आले असावे. तिचे कान लाल झाले.

"माफ करा, हे पाठ केलेलं होतं." कोपऱ्यात डॉ. प्रिंगल यांची पेन्सिल थांबली. ऐल्साने खुर्ची जरा पुढे ओढली. "घरी कोण असतं तुमच्याजवळ?"

"कोणी नाही," अर्स्किन बोलून गेला. "फेब्रुवारीत गेली ती."

"काय झालं होतं?"

मग तो सांगतच सुटला. नाव तेवढे जेन, बाकी सगळे त्याच्या इसोबेलचे. वॉर्डातला पडदा, फ्रिजवर अजून तसाच पडलेला तिचा चष्मा. ऐल्साने एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. "रात्री झोप यावी म्हणून तुम्ही काही..." ती विचारू लागली, तोच घंटा झाली. व्हिस्की शोधून काढण्याचे गुण गेले.

चार वाजता सेंगाचा फोन आला. परीक्षेत शेजारच्या खोलीत तिचे पोट दुखायचे.

"काय टॉडसाहेब, आहात की आटोपलात?"

"सेंगा, मी खरं लिहून टाकतो."

"वेडा आहेस का? मॉरीन उद्याच नारळ देईल तुला."

"आणि त्या पोरीचं काय?"

"तरणी आहे, देईल परत परीक्षा. तू मात्र घरी बसून पुस्तकांशी बोलत राहशील."

"आताही बोलतोच की."

"तीच तर भीती वाटते मला, मेल्या!"

फोन ठेवून त्याने कागद पुढ्यात ओढले. महाविद्यालयातले सोमवार आणि गुरुवार गेले, की आठवड्यात कुणाशी मोठ्याने बोलायचे? त्याने चार कागद फाडले. प्रत्येकावर आधी क्षमा, मग सबबी. पाचव्यावर लिहिले: 'मी कार्ड सोडून स्वतःचे दुःख सांगितले. ती ते ऐकत राहिली. त्यात तिचा वेळ गेला. चूक माझी. बारा जणांत माझ्याशी माणसासारखी बोलली ती एकटीच.'

साडेपाचची टपाल गाडी चुकली, तर पत्र उद्या पोहोचणार नव्हते. तो चढ चढून कोपऱ्यावर आला, तेव्हा टपालवाला पेटीला कुलूप लावत होता.

"अहो, थांबा! थांबा!" कित्येक वर्षांत तो एवढ्या मोठ्याने ओरडला नव्हता.

"सावकाश, आजोबा! मी काही पळून जात नाही." टपालवाल्याने पोत्याचे तोंड उघडून धरले.

अर्स्किनने हात पोत्यात घातला. पाकीट बोटांत क्षणभर तसेच राहिले. मग त्याने ते सोडले.