लेडी ॲव्हिसचे अश्रू

लेडी ॲव्हिस पावणेबाराला रडणार, असं पत्रकावरच छापलं होतं. त्यामुळे त्या एप्रिलच्या रविवारी साडेअकरालाच आमचं सहाशे वर्षांचं चर्च ओल्या रेनकोटांनी गच्च भरलं. एरवी प्रार्थनेला आम्ही नऊ जण असतो, त्यातला एक झोपलेला.

लेडी ॲव्हिस म्हणजे स्वतःच्याच थडग्यावर हात जोडून उताणी पडलेली संगमरवरी बाई. तिचे अश्रू डोळ्यांच्या विकारांवर उतारा आहेत, हा शोध पेरेग्रिन स्लेटर यांचा. मखमली कोट घालून हे गृहस्थ बसगाड्या भरभरून लोकांना जुनी चर्चं दाखवत फिरतात.

"आधी चहा घ्या," ते मधाळ आवाजात म्हणायचे. "घाईत आलेल्यांसाठी ती रडत नाही." मग दारं बंद व्हायची आणि थडग्याशेजारी चहाचा मोठा बॉयलर खदखदू लागायचा.

बावीस वर्षं या चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. त्याआधी मी गावची नर्स होते. दोन महिने मी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण फुलं सजवणारी माझी मैत्रीण म्युरिएल हिला काचबिंदू आहे. डॉक्टरांचे थेंब बंद करून ती हे अश्रू डोळ्यांत घालू लागली होती. त्याच आठवड्यात तिने लिली फुलदाणीत ठेवायच्या त्या शेजारी हवेतच सोडल्या. मी तिला झापलं.

"हेस्टर, तुझा कशावरच विश्वास नाही," ती म्हणाली. "आणि डोळे माझे आहेत."

म्हणून त्या रविवारी मी फ्रिजमधली दुधाची बाटली आणून लेडी ॲव्हिसच्या उशाशी ठेवली.

"मॅडम, ही पवित्र जागा आहे," स्लेटर म्हणाले.

"चहाला दूध लागेल ना," मी म्हटलं. यावर कुठला इंग्रज वाद घालणार?

पावणेबाराला दगडी गाल ओले झाले. लोकांनी उसासे टाकले. बाटलीवरूनही थेंब ओघळत होते. मी म्युरिएलचं बोट धरून आधी गालावर टेकवलं, मग बाटलीवर.

"सांग, यातली संत कोण?"

स्लेटर डगमगले नाहीत. "बाटलीवरही कृपा झाली," ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या एकाने बाटलीपुढे खरोखर टोपी काढली.

मी बॉयलर बंद केला, दारं उघडली, बाटली आणि बाई दोन्ही फडक्याने पुसली. अर्धा तास वाट पाहिली. कुणीच रडलं नाही.

"हिवाळाभर गारठलेल्या दगडाला वाफ लागली की पाणी सुटतं," मी सांगितलं. "तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीलाही रोज सुटतं." मग फडकं उलटून दाखवलं. ते काळं झालं होतं. "आता वर बघा."

वर तुळईला वटवाघळं लटकली होती. त्यांची घाण पडते म्हणून आम्ही बाईवर प्लास्टिक घालायचो. स्लेटरनी ते काढून टाकलं होतं. अश्रूंत विरघळत होतं ते हेच.

अश्रू टिपायला काढलेले कित्येक रुमाल गुपचूप खिशात गेले. काहीजण माझ्यावर संतापले, पण ते चहा बंद केला म्हणून. स्लेटर हल्ली शेजारच्या परगण्यात घामेजणारा दगडी बिशप दाखवतात.

म्युरिएलने पुन्हा थेंब सुरू केले. उजवा डोळा टिकेल, डाव्याची गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता ती फुलदाणी हाताने चाचपून शोधते.

"ती बाटली दोन महिने आधी का नाही आणलीस?" तिने एकदा विचारलं.

म्हणून शहाण्यांनाच सांगते: असले चमत्कार हसण्यावारी नेऊ नका. पहिल्याच दिवशी बाटली घेऊन जा.