लान-हियोंगची भरती

मित्रांनो, मी एक जुना दगडी बांध आहे. पेंगहू द्वीपसमूहातल्या एका लहानशा बेटावर, गावापुढच्या समुद्रातच मी उभा आहे. हल्ली लांबून माणसं येतात, ओहोटीला माझ्यावर चढून फोटो काढतात आणि "काय मजबूत काम आहे!" म्हणतात. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

मला कुणा एकाने बांधलं नाही. घराघरातल्या माणसांनी ओहोटीला पाण्यात उतरून काळे दगड एकावर एक रचले. चुना नाही, माती नाही. मोठ्या दगडांच्या सांध्यात कपच्या ठोकायच्या, बस्स. भरतीला मी बुडतो, मासे माझ्यावरून आत येतात, चरतात, रमतात. ओहोटीला पाणी फटींतून निघून जातं आणि मासे आत अडकतात. पाहुण्याला आत घेऊन दार लावायचं, असला माझा धंदा! पण त्यावर गाव जेवलं, म्हणून त्याची लाज मला कधी वाटली नाही.

शहरातल्या माणसाला भरती म्हणजे नुसतं पाणी. फोटोवाल्यांना तर ती अडचणच वाटते. आमच्या गावात मात्र भरती ही इस्टेट असते. माझू या समुद्रदेवीसमोर चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरतात. ज्याची भरती, त्याचे मासे. तो तापाने फणफणलेला असला, तरी दुसरा कुणी माशाला हात लावणार नाही. सोयरीक जमवताना आधी विचारतात, "बांधात वाटा आहे ना?" आणि हा वाटा टिकवायचा, तर तुफानाने मला पाडल्यावर घरटी एक माणूस दगड उचलायला यावंच लागतं.

लान-हियोंग आजीच्या घरात माणूस म्हणजे ती एकटीच. नवरा गेलेला, मुलगा काओश्युंगच्या बंदरात हमालीला. एका तुफानाने मला मधोमध फोडलं, तेव्हा डोक्याला फडकं गुंडाळून तीही कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभी राहिली.

"आजी, घरी जा. शेंगा सोलायचं काम नाही हे," शेजारचा आ-खून म्हणाला.

"सोलते की शेंगाही. वाटा गेला, तर रोज शेंगाच खाव्या लागतील मला!"

सगळे हसले. कामावर देखरेख करणारा तेक-सेंग म्हणाला, "एक दगड लावा, काकू, आणि काठावर बसा. तुमच्या घराची हजेरी लागली."

तिने एकच दगड लावला. भाताच्या पातेल्याएवढा असेल. पण कपची ठोकून हलवून पाहायची, पुन्हा ठोकायची, असं पाणी छातीला लागेपर्यंत चाललं होतं. तिच्या शेजारीच तेक-सेंगने एक भलाथोरला धोंडा बसवला. लोकांनी वाहवा केली. तेवढ्यात भरती वाढली, म्हणून तो म्हणाला, "कपच्या उद्या मारू." तो उद्या काही उजाडला नाही.

पुढच्या उधाणाला पाळी आ-खूनची होती. तारलीचा असा थवा आत आला, की पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. पोरीच्या लग्नाचं जेवण त्याने याच भरतीवर ठरवलेलं. ओहोटी लागली आणि माझ्यातला तो धोंडा गडगडला. मासे खिंडारातून समुद्राला मिळाले. आ-खून धावत आला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"म्हातारीचा दगड! मी सांगत होतो!"

पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. तेक-सेंगने वाकून खिंडारात हात घातला. त्याच्या बोटांना आधी आजीचा दगड लागला. तो जागचा हलला नव्हता. मग त्याला खाली पडलेला स्वतःचा धोंडा लागला. तो ताठ उभा राहिला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बाईमाणसाचं काम. तिला काय बोल लावायचा? मी दुरुस्त करतो सगळं."

ऐकणाऱ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! लान-हियोंग मात्र खाली मान घालून म्हणाली, "माझ्यामुळे लेकीच्या लग्नाचं जेवण गेलं. मला नको आता भरती." तिने वाटा सोडला. मी तिथेच होतो, मित्रांनो. दगडाला घाम फुटत नाही म्हणतात, पण त्या दिवशी माझी काय गत झाली ते मलाच ठाऊक.

मग ती माझ्याबाहेरच्या खडकांवर शिंपल्या वेचू लागली. एकदा तेक-सेंगच्या पाळीला त्याने तिच्या टोपलीत मासे ओतले.

"घ्या, काकू."

"आज भरती कुणाची?"

"माझी."

"मग मासे तुझे. मला चोर करतोस का?"

"तसं नाही, काकू. तो दगड..."

"काय तो दगड?"

तेवढ्यात काठावरून आ-खून उतरताना दिसला. तेक-सेंग घाईने म्हणाला, "काही नाही. वारा वाढलाय, लवकर घरी जा."

तिने टोपली पाण्यात उलटी केली.

पुढे मुलगा तिला शहरात न्यायला आला. जायच्या आदल्या ओहोटीला ती एकटीच माझ्यापाशी आली. तेक-सेंगने खिंडार कधीच बुजवलं होतं. तिचा दगडही त्यानेच परत बसवला, असं ती समजत होती. त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्यामुळे तू फुटलास रे बाबा. मला माफ कर."

ज्या दगडाने मला धरून ठेवलं होतं, त्याच दगडावर हात ठेवून ती माझी माफी मागत होती. आणि मी गप्प उभा होतो. त्या शरमेपुढे इतकी वर्षं खाल्लेल्या लाटा काहीच नाहीत.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी सांगणार नाही, ती समुद्र आणि गाव बघून घेईल. पण कुणावर खोटा आळ आला आणि खरं तुम्हाला ठाऊक असलं, तर तिथल्या तिथे बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.