डाव्या पंखातला पीळ

रविवारी, ३ फेब्रुवारी १९७४ रोजी, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी बॅटरीवर चालणारे एक छोटे विमान कोपरगावजवळच्या साखर कारखान्यामागे उसात पडले. हवेत ते सव्वा मिनिट होते.

मोटर, बॅटरी आणि रेडिओचा संच कारखान्यात मीटर दुरुस्त करणाऱ्या कानिफनाथला त्याच्या भावाने जर्मनीहून पाठवला होता. विमान बांधले सूर्यभान मिस्त्रींनी. ते सत्तावन्न वर्षांचे, कारखान्याच्या ओतशाळेसाठी लाकडी साचे करत. दिवाळीपासून त्यांचे दोन साचे सुताभर चुकले होते. साहेब काही बोलले नव्हते. मिस्त्रीच कानिफनाथला म्हणाले होते, "हे सरळ उडालं तर नजर शाबूत हाय. न्हाई तर मी हत्यारं ठिवतो."

त्या सकाळी पडीक रानात त्यांनी विमान आधी मोटर बंद ठेवून हाताने सोडले. नाक वर करून ते शेपटीवर बसले. नाकात शिशाचा तुकडा घातला. दुसऱ्या खेपेला ते सरळ तरंगत गवतात उतरले.

मग रेडिओची चाचणी. मिस्त्री चालू मोटरचे विमान धरून उभे राहिले आणि कानिफनाथ हातातल्या रेडिओच्या डब्याची एरियल मिटलेली ठेवून साठ पावले मागे गेला. त्याने डब्यावरची कांडी हलवली, शेपटीचे सुकाणू हलले, मिस्त्रींनी हात वर केला. मिटलेल्या एरियलवर साठ पावले चालले, तर उघडल्यावर लांबपर्यंत चालते. परत आल्यावर एरियल उघडायची, एवढेच राहिले होते. तेवढ्यात मिस्त्रींनी पिशवीतून नारळ काढला.

"इमानाचं लगीन हाय का, मिस्त्री?"

"गप. पायताण काढ. तो डबा खाली ठेव आन् हात जोड."

कानिफनाथने डबा खाली ठेवला, चपला काढल्या, हात जोडले. खोबऱ्याचा तुकडा चघळत त्याने डबा पुन्हा उचलला आणि मोटर चालू केली. मिस्त्रींनी विमान सोडले.

ते चांगले चढले. दोनशे पावलांच्या पुढे कानिफनाथने डावीकडे वळवले आणि त्यानंतर ते ऐकेना. डावीकडेच वळत, उतरत, ते उसात गेले. कानिफनाथने हाताकडे पाहिले. एरियल मिटलेली होती. त्याने ती ओढून उघडली. उसाच्या शेंड्यांवर काहीच दिसत नव्हते. मिस्त्री वळायच्या आत त्याने ती पुन्हा आत सरकवली.

"डावीकडंच वळत गेलं," मिस्त्री म्हणाले. "डाव्या पंखात पीळ ऱ्हायला. मला दिसला न्हाई."

"वारं हुतं."

"पान हालत न्हवतं, कानिफ. माझं पाप वाऱ्यावर नको घालू."

दोन तास शोधून विमान सापडले नाही. सोमवारी मिस्त्रींनी अर्ज दिला. २८ तारखेला मोकळे करावे, नजर राहिली नाही, असे त्यात लिहिले होते. विमानाला काय झाले, असे ओतशाळेत दोघांनी विचारले. कानिफनाथ म्हणाला, "पंख."

तो तीनदा मिस्त्रींच्या घरी गेला. तिसऱ्या खेपेला मिस्त्री हत्यारांना तेल लावत होते. त्यांनी गोल पटाशी त्याच्या हातात दिली. "मला आता काय करायची? तुझा हात चांगला हाय." कानिफनाथने ती घेतली.

२५ तारखेला तोड त्या फडावर आली. ऊसतोड करणारी बनुबाई विमान घेऊन मीटर खोलीच्या दारात उभी राहिली.

"तुमचं पाखरू हाय म्हनं. मला वाटलं घार मेली. नाक तेवढं फुटलंय बगा, पंखाला खरचटलं बी न्हाई."

ती गेल्यावर कानिफनाथने पंख सोडवला आणि टेबलाच्या काचेवर ठेवला. आधी उजवी बाजू टेकवली, मग डावी. पीळ शोधायला पोस्टकार्डाची कड त्याने चारही कोपऱ्यांखाली सारून पाहिली. ती कुठेच शिरली नाही.

बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजता पंख वर्तमानपत्रात गुंडाळून मीटर खोलीतल्या कपाटामागे ठेवलेला होता. मिस्त्रींच्या निरोपाचा चहा गुरुवारी चार वाजता आहे. फळ्यावरच्या सूचनेत, चार शब्द बोलणार म्हणून, कानिफनाथचे नाव आहे.