आबाच्या वयाची बेरीज

आबा कापसाच्या पऱ्हाट्या जाळाले गेला अन् सोताच पेटला. पऱ्हाट्या वल्ल्या होत्या, धरत नव्हत्या, तं यानं त्याच्यावर डिझेल फेकलं. भपकन् आग उलटली अन् धोतरानं पेट घेतला. मी धुऱ्यावर होती. पळत आली अन् मोटरीचा पाइप त्याच्या अंगावर सोडला. तवाबी तो मलेच शिव्या देऊन राह्यला, "मोटर बंद कर वं योगे, पानी वाया चाललं!"

इंझोरीहून त्याले वाशीमच्या दवाखान्यात आनलं. तिथल्या डाक्टर मंजुषा मॅडमनं पह्यले आबाचा तळहात पायला, मंग जळालेल्या अंगावरून नजर फिरवत तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजाले लागल्या.

"काय मोजून राह्यल्या तुमी?" मी इचारलं.

"पेशंटचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का," मॅडम म्हनल्या. दोन्ही पाय अन् डावा हात मिळून तीस टक्के भरले. "वय किती यांचं?"

पवनकाकानं खिशातून आबाचं आधार काढलं. "अठ्ठ्याहत्तर."

मॅडमनं आधार हातात घेऊन पायलं. मंग आमाले भाईर घेऊन गेल्या. "वय आणि टक्के यांची आम्ही बेरीज करतो. शंभराच्या वर गेली की पेशंट वाचणं अवघड असतं. अंदाज आहे, भविष्य नाही. पायांना कातडी लावायचं ऑपरेशन करावं लागेल. या वयात त्यांना ते झेपेल का, मला सांगता येत नाही."

एकशे आठ.

काका रात्रभर भिताडाले टेकून बसला. सकाळी उठला अन् शेलूबाजारच्या जीपवाल्याले फोन लावला. "बापाले घरी नेतो. आपल्या आंगनात डोळे मिटू दे त्याले."

"मी तर नेऊ नका म्हणेन," मॅडम म्हनल्या.

"तुमीच तं एकशे आठ सांगतले ना!"

माह्यं डोकं सनकलं. "एकशे आठ तं अँबुलन्सचा नंबर हाये काका, मराचा नोहे!"

"चूप बस. नववीतून पळून आली अन् आमाले हिशेब शिकवते!"

"पळून नाई आली. मास्तरले डस्टर फेकून मारला अन् ताठ मानेनं आली."

जीप अर्ध्या रस्त्यात होती तवा देवमनबाबा आला. आबाचा लहानपनचा दोस्त. यष्टीत कंडक्टर होता, अन् असा कडक का दोस्तालेबी कधी बिगर तिकिटाचं बसू दिलं नाई. आता मातर आबाच्या खाटेपाशी बसून हमसून रडाले लागला.

"एकाच दिवशी पह्यलीत नाव टाकलं होतं रे आपलं, उकंड्या. तू माह्याच पाटीवर थुकून पुसत जाय."

मी देवमनबाबाकडे पायलं. अर्धे केस काळे. हातात काठी नाई. जिनाबी दमादमानं नाई, तडातडा चढून आलता.

"देवमनबाबा, तुमाले रिटायर होऊन किती वर्सं झाले?"

"चार."

"अन् यष्टीत कितव्या वर्सी घरी पाठवते?"

"अठ्ठावन. काहून वं?"

"मंग तुमच्या संग पह्यलीत बसनारा आबा अठ्ठ्याहत्तरचा कसा झाला?"

सगळ्याईनं आबाकडे पायलं. आबानं डोळे गच्च मिटले.

"सोंग करू नको, आबा. पापन्या हालून राह्यल्या तुह्या."

"देवमन्याले भाईर पाठव," आबा हळूच बोलला. "मंग सांगतो."

"मी कायले भाईर जाऊ? सांग इथंच!"

आबानं एक डोळा उघडला. "पंच्याहत्तरच्या वर यष्टीले तिकीट नाई लागत. आधार दुरुस्त कराले गेलतो, तं वयबी दुरुस्त करून घेतलं."

देवमनबाबाचं रडनं फटकन् थांबलं. "म्हंजे तू माह्या यष्टीत फुकट फिरला?"

"तुह्यी यष्टी कायची? तू तं घरी बसला होता!"

"बरा हो साल्या, मंग पायतो तुले!"

मले असा राग आला का जळाला नसता तं त्याले मीच हानला असता. "बजाराले फुकट जाता यावं म्हून जीव देऊन राह्यला तू? तिकडून जीप येऊन राह्यली तुले न्याले!" अन् तशीच धावत जाऊन मॅडमले हाताले धरून घेऊन आली.

मॅडम खाटेवर वाकल्या. "आजोबा, तुमच्या तिकिटाशी माझं काही देणंघेणं नाही. खरं वय सांगा."

आबानं एकडाव देवमनबाबाकडे पायलं. "बासट."

"म्हणजे ब्याण्णव. सोपं नाही, पण ऑपरेशन करू. आता कातडी झेपेल असं वाटतं."

"अन् घरी न्याचं?" मी इचारलं.

"नेऊ नका हे तर मी सकाळीही सांगितलं होतं. आता काका ऐकतात का बघ."

काकानं फोन काढला. तिकडून जीपवाल्याचा लय आरडाओरडा आयकू आला. काका म्हने, "वापस जाय बापा, बुढा तरना निंगला."

मॅडमनं पाठीची कातडी काढून पायाले लावली. मधात आबाले ताप चढला, कोनाले ओळखेना. त्या दिवशी मॅडमबी हासल्या नाई. मी भाईर बाकड्यावर बसून बेरीज करत जाव. दरडाव ब्याण्णवच येये. देवमनबाबा बाजूले बसून राहे, पन आबाले एक शिवी दिली नाई त्यानं. त्याच्यानं मले जास्त भेव वाटलं.

मंग ताप उतरला. पट्ट्या सोडल्या तवा मॅडम खूप येळ वाकून पाहत राह्यल्या. "धरली कातडी," त्या म्हनल्या. काकानं तिथंच हात जोडले.

आबा मातर तोंड वाकडं करून पडला होता.

"आता काय झालं?" मी खेकसली.

"पाय खाजून राह्यला वं. पन कातडी तं पाठीची हाये. मंग मी खाजवू कुठं?"

देवमनबाबा असा हासला का नर्स धावत आली. "खाजवायचं नाही!" मॅडम वरडल्या, पन त्याईलेबी हासू आवरत नव्हतं. "खाज येतेय म्हणजे जखम भरतेय."

काका तवरीक गावाकडे फोन लावून मोकळा झालता. "हाव, हाव, खाजून राह्यलं त्याले," तो मोठ्यानं सांगत होता. "अवो माय, रडू नको. खाजवाले जिता हाये म्हनतो ना!"