बैलाच्या बोलण्याचे सर्व हक्क

“लेखकाची सही म्हणजे काळाच्या छातीवर मारलेला शिक्का!” असं हिरासिंग राठोड मास्तरांनी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, आणि सही करायला चष्मा शोधू लागले. तो सापडेना. काळ थांबला असता. पुसदची एसटी थांबणार नव्हती. मग त्यांनी बायकोचा तांदूळ निवडायचा चष्मा नाकावर चढवला. त्यातून ठळक अक्षरं दिसत होती, बारकी मुंग्यांसारखी पळत होती. मास्तरांनी मुंग्यांच्या खाली सह्या ठोकल्या आणि करार लेकीच्या, वर्षाच्या, हातात दिला. ती पुसदच्या कोर्टात वकील. रविवारची माहेरी आली होती, जाताना पुण्याच्या प्रकाशकाला कुरिअर करणार होती.

पुस्तक होतं बंजारा तांड्यातल्या गोष्टींचं. गोष्टी मास्तरांच्या बायकोच्या, रामीबाईंच्या; वर्षा त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणायची. त्यांची एकच अट: ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हुंकार थांबला की गोष्ट थांबली. रिटायर झाल्यापासून मास्तरांनी इतके हुंकार दिले होते की गोष्टी आपल्याच आहेत असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटू लागलं होतं.

वर्षानं सवयीनं मुंग्या वाचल्या.

“बा, हे वाचलंत? ‘सदर लेखन ही सर्वस्वी माझी स्वतःची निर्मिती असून...’”

“मंग? लिवलं कोणं?”

“‘...छपाई, भाषांतर, चित्रपट, जाहीर कथन, सर्व हक्क कायमचे प्रकाशकास दिले आहेत.’ जाहीर कथन म्हणजे काय? होळीला याडी तांड्याच्या नायकाच्या अंगणात गोष्टी सांगत बसते ते.”

“म्हंजे मी गोष्ट सांगाची तर पुण्याले इचारू?” रामीबाई सुपातून मान वर न काढता म्हणाल्या. “बरं झालं बाई. यंदा घसा तरी वाचंल.”

मास्तरांना हसू आलं नाही. होळीला रामीबाई गप्प बसल्यात, लेकरं वाट पाहून उठून गेलीत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याच्या शेजारी न निघालेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठही आलं.

“छापायची परवानगी देणं वेगळं अन् हक्क विकणं वेगळं,” वर्षा म्हणाली. “घर भाड्यानं द्या की. तुम्ही घर विकलं, तेही याडीचं.”

मास्तरांनी जड हातानं प्रकाशकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि हक्कांचं कलम बदलता येईल का विचारलं.

“हा आमचा नेहमीचा मसुदा आहे, सर,” प्रकाशक गोड आवाजात म्हणाले. “सगळेच करतात सह्या. नसेल जमत तर राहू द्या, दुसरी पुस्तकं रांगेत आहेत.”

मास्तर म्हणाले, “मंग राहू द्या. गोष्टी माह्या नाईत. हिच्या हायेत.”

रामीबाईंनी सूप खाली ठेवलं, नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फोनजवळ सरकल्या.

“राम राम साहेब. तांडा मिठाच्या गोण्या घेऊन चालला होता.”

“हं?” प्रकाशक म्हणाले.

“नदीत पुढचा बैल अडला.”

“हं.”

“नायकानं इचारलं, काहून रे बाबा? तं बैल बोलला.”

“हं... काय बोलला?”

“ते नाई सांगत. जाहीर कथन हाय.”

“पण आमच्याकडच्या हस्तलिखितात बैल बोलतच नाही!”

“मास्तराईनं काढला. बैल बोलत नसते म्हणे.”

मास्तर अंगणातल्या बैलाकडे पाहू लागले. तोही काही बोलला नाही.

“बाई, पुढे सांगा ना.”

“पयले कागद सुधरवा.”

नवा करार आला. फक्त मराठी पुस्तक, तेही ठरावीक वर्षांपुरतं. बाकी सगळं घरचं घरी. मुखपृष्ठावर नावं दोन, रामीबाईंचं वर. बैल पुन्हा बोलणार होता. आपलं नाव खाली गेल्याचं मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी ते ओसरीवर उभे राहिले.

“आज या तांड्याचा आवाज कायद्यानं सुरक्षित झाला! रामी, इतिहास तुह्या सहीची वाट पाहून राह्यला!”

“पाहू द्या त्याले,” रामीबाई म्हणाल्या. “माहा चष्मा द्या पयले. तांदूळ निवडाचे राह्यले हायेत.”