परटाचं बोचकं

मेंबरसाहेबांनी घडीचा सदरा अंगात घातला आणि बाह्या बोटांखाली लोंबल्या. दुसरा घातला, तर त्याचं गळ्याचं बटण लागेना.

"हे कुणाचे?"

"एक मास्तरांचा, एक मागच्या घरातल्या सुताराचा." बायकोने चुलीवरची नजर काढली नाही. "गवंड्याच्या पोराचा त्या मळक्या बोचक्यात आहे. सोमवारी कचेरीत बोलावलंय त्याला, नोकरीसाठी."

अस्पृश्यांच्या वस्तीतलं धुणं परीट घेत नसे. साहेबही त्याच वस्तीतले; पण ते कौन्सिलवर गेले, गव्हर्नर त्यांच्याशी हात मिळवू लागला, तेव्हा त्यांच्यापुरता विटाळ फिटला आणि परीट दाराशी येऊ लागला. खुर्चीची जात मोठी, दुसरं काय! मग बायकोने साऱ्या वस्तीचे सदरे त्यांच्या बोचक्यात घालायला सुरुवात केली. कडक इस्त्रीत माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागली. साहेबांना पत्ता नव्हता.

ते खाटेवर बसले. परीट असो, न्हावी असो, पाणवठा असो, सगळं सगळ्यांना खुलं असावं, असा ठराव त्यांनी दिवसभर लढवला होता. टाळ्या भरपूर पडल्या, मतं पडली नाहीत. आता बूट काढायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अगं, हे उघडकीला आलं तर? तिथे हक्क मागतो आणि घरी चोरून मिळवतो, म्हणतील."

"म्हणू देत. तुमचा ठराव पास होईस्तोवर लोकांनी काय मळक्या सदऱ्यांनीच नोकऱ्या मागायच्या?"

साहेबांना राग आला, तो तिच्यावर की स्वतःवर, ते धड कळेना.

दिवेलागणीला परीट आला. नेहमीसारखं उंबऱ्याबाहेर थांबून त्याने बोचक्याला हात घातला.

"थांबा," साहेब म्हणाले. "यातले माझे दोनच आहेत. बाकीचे वस्तीतल्या माणसांचे. तुम्हाला फसवून धुवायला दिले जात होते."

बायकोच्या हातातली पळी थांबली.

परटाने खाली बसून बोचक्याची गाठ सोडली. कुणाचे कुठले, हे त्याने विचारलं नाही, एकही सदरा उलगडला नाही. ढिगात हात घालून नेमके साहेबांचे दोन तेवढे बाहेर काढले.

साहेब बघतच राहिले. "म्हणजे तुम्हाला..."

"झाकली मूठ होती, साहेब." परटाचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "उद्या आमच्या लोकांनी विचारलं, तर मला ठाऊक नव्हतं म्हणता आलं असतं. आता कसं म्हणू?"

त्याने दोन सदरे काखेत मारले आणि उरलेला ढीग हलक्या हाताने उंबऱ्याच्या आत सरकवला.

"सोमवारच्या आत आणतो तुमचे."

माझेही ठेवा, असं साहेबांच्या अगदी ओठांवर आलं. बायको त्यांच्याकडेच पाहत होती. परीट आळीच्या टोकाला पोचेपर्यंत ते दारात उभे राहिले. सोमवारी पुन्हा कौन्सिलात बोलायचं होतं, आणि मळक्या सदऱ्यातल्या माणसाचं तिथे कुणी ऐकलं नसतं.